अप्पारावाचा 'कथित'

आमच्या गावात खोटं बोलणारे पुष्कळ होते, पण खोटं छापणारा एकटा अप्पाराव. जुन्या जालन्यात त्याचा एक छापखाना होता. एक पायानं चालवायचं मशीन, अक्षरांच्या खिळ्यांचे दोन खण आणि भिंतीला टेकवलेला कागदाचा गठ्ठा, एवढ्याला तो 'प्रेस' म्हणायचा. लग्नपत्रिका आणि दशक्रियेची कार्डं छापून उरलेल्या शाईत तो 'दुधना समाचार' नावाचं साप्ताहिक काढायचा आणि शुक्रवारी एसटीनं गावात घेऊन यायचा. दुष्काळ नुकताच सरला होता, लोकांच्या पोटात दोन घास जाऊ लागले होते. आता त्यांना तोंडी लावायला काहीतरी हवं होतं आणि ते अप्पाराव पुरवायचा.

मी त्याच गावचा. औरंगाबादला बी. ए. केलं आणि फिरून जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायला आलो. गावानं मला दोन कामं दिली होती: तारा वाचून दाखवणं आणि औषधाच्या बाटलीवरचं लिहिलेलं सांगणं. तार आली की बाया आधी रडून घ्यायच्या आणि मग मला बोलवायच्या. असो.

एका शुक्रवारी अप्पाराव माझ्या ओसरीवर येऊन बसला. डाव्या तळहातावर तंबाखू, तिच्यावर चुना, आणि उजव्या अंगठ्यानं मळणं चालू. मी त्याला या अवस्थेशिवाय कधी पाहिलेलं नाही. झोपेतही त्याचा अंगठा हलत असेल.

"सर, एक विचारायचं व्हतं. अलेज्ड म्हंजी काय अस्तं?"

झालं असं होतं की एका आडत्याविरुद्ध त्यानं काहीतरी छापलं होतं आणि आडत्यानं वकिलाची नोटीस धाडली होती. अप्पाराव घाबरून औरंगाबादच्या वकिलाकडे गेला होता. वकिलानं सांगितलं, इंग्रजी पेपरवाले बघा, कसे सगळीकडे 'अलेज्ड' लिहितात, तुम्हीही तसं काही लिहीत जा. एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

आता मला असं कुणी काही विचारलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. गावात वर्षाकाठी एखादाच माणूस मला शब्दाचा अर्थ विचारायचा, तोही बाटलीवरचा. मी आत जाऊन माझी जाडी डिक्शनरी काढली. ती मी औरंगाबादेत गुलमंडीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतली होती, तिची पाठ मोडलेली होती आणि 'झेड'ची पानं गळालेली होती. 'ए' सुदैवानं शाबूत होता.

"हे बघ," मी म्हणालो, "अलेज म्हणजे पुरावा हातात नसताना एखादी गोष्ट खरी आहे असं सांगणं. आरोप करणं. पण हा आजचा अर्थ झाला. मुळात हा कोर्टातला शब्द. जुन्या फ्रेंच भाषेत याचा जो पूर्वज आहे ना, त्याचा अर्थ होता आरोपातून मोकळं करणं. निर्दोष म्हणून सोडवणं. त्याच्याही मागे लॅटिनमधला खटला या अर्थाचा शब्द आहे. मग त्यात दुसरा एक लॅटिन शब्द मिसळला, पुरावा म्हणून पुढे आणणं असा. इंग्रजीत आला तेव्हा अलेज करणं म्हणजे कोर्टात उभं राहून शपथेवर सांगणं होतं. सांगणारा समोर उभा असायचा, त्याचं नाव असायचं. आणि आता बघ, पुरावा नसला की हा शब्द वापरतात. जो शब्द आरोपीला मोकळा करायचा, तो आता बोलणाऱ्याला मोकळा करतो."

मला वाटलं, अप्पारावाला यातली गंमत कळेल. मी वर पाहिलं तर तो तंबाखूवर टिचक्या मारत होता.

"म्हंजी हा शब्द घातला की आपल्यावर काही येत न्हाई."

"गोष्ट सिद्ध होईपर्यंत घालायचा."

"अन् सिद्ध झाली की?"

"मग काढून टाकायचा. मग तो आरोप नसतो, घडलेली गोष्ट असते."

"बराबर," अप्पाराव म्हणाला. "मराठीत काय घालू?"

"कथित घाल," मी म्हणालो. शब्द मी दिला, त्यानं त्याचं काय केलं ते त्याचं तो जाणे.

पुढच्या शुक्रवारपासून गावात सगळंच कथित झालं. कथित ग्रामसेवकाने कथित दारू पिऊन कथित भाषण केले. पाटलांची म्हैस विहिरीत पडली तर 'कथित म्हैस कथित विहिरीत'. त्या म्हशीचा वास चार दिवस आम्ही सगळ्यांनी घेतला होता. लोकांना वाटायचं, कथित म्हणजे मोठा, नामवंत असं काहीतरी. सरपंच पुंजाराम एकदा मला म्हणाला, "सर, पेपरात मला कथित सरपंच लिवलंय, वाचलं का?" आणि छाती काढून चालायला लागला. एखाद्याचा आनंद फुकटचा असेल तर तो हिरावून घेऊ नये.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास अप्पारावाची मेहुणी डी. एड. होऊन घरी बसली होती. आणि आमच्या शाळेत तिसरी-चौथीला प्रभावतीबाई होत्या.

प्रभावतीबाई बौद्धवाड्यातल्या. नवरा जालन्यात कारखान्यात कामाला, महिन्यातून दोनदा सायकलवरून डबा आणि धूळ घेऊन घरी येणारा. घरात सासू सोनूबाई. त्या वाड्यातून सरकारी नोकरीत लागलेली पहिली बाई म्हणजे ही. तिचा पगार सुरू झाल्यापासून सोनूबाईनं दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणं बंद केलं होतं आणि ही गोष्ट गावातल्या काही वावरवाल्यांना आवडली नव्हती. प्रभावतीबाई तासाला वेळेवर यायच्या, मुलांना मारायच्या नाहीत आणि स्वतःच्या खर्चानं काहीबाही आणून मुलांना दाखवायच्या. भिंग, लोहचुंबक, कापूस गुंडाळून भिजवलेले हरभरे. अशा शिक्षकाचा बाकीच्या शिक्षकांना फार त्रास होतो.

एके दिवशी त्यांनी चौथीच्या वर्गात हळद आणली. वाटीत हळदीचं पाणी केलं आणि त्यात चुन्याची निवळी टाकली. पिवळं पाणी लालभडक झालं. मग लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं झालं. मुलं टाळ्या वाजवत घरी गेली.

मुलांनी घरी सांगितलं की बाईंनी हळदीचं लाल केलं. पाटलांच्या ओट्यावर पोचेपर्यंत हळदीचा भंडारा झाला. खंडोबाच्या देवळाशी पोचेपर्यंत लालचं रक्त झालं. आता आमच्या गावात एकही बाई अशी नव्हती जिनं पाय मुरगळल्यावर हळद-चुन्याचा लेप लावला नव्हता. तो लेप लाल होतो हे त्यांच्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं. पण तेच बौद्धवाड्यातल्या बाईनं शाळेत केलं की ते करणी ठरलं. अक्कल गहाण ठेवायला आमच्या गावाला कधी सावकार लागला नाही.

शुक्रवारी 'दुधना समाचार'मध्ये जाड खिळ्यांत आलं: 'शिक्षिकेने वर्गात कथितरीत्या देवाच्या भंडाऱ्याचे रक्त केले. कथित देवनिंदेने गावात संताप'. गावात संताप नव्हता. पेपर आल्यावर झाला. लोकांनी बातमी वाचली, मग संतापले, म्हणजे बातमी खरी ठरली.

सोमवारी चौथीच्या वर्गात फक्त बौद्धवाड्यातली मुलं बसलेली होती. हेडमास्तर दिवसभर फळा पुसत राहिले, त्यावर काही लिहिलेलं नसतानाही. संध्याकाळी सरपंचानं निरोप धाडला: रविवारी खंडोबाच्या देवळासमोर गाव जमेल, बाईनं बेलभंडारा उचलायचा आणि देवाची निंदा केली न्हाई म्हणून शपथ घ्यायची. घेतली तर पोरं शाळेत येतील. न्हाई घेतली तर वर अर्ज जाईल आणि बाई इथून जाईल.

ही आमच्याकडची जुनी रीत. बांधाचा वाद असो की चोरीचा आळ, देवाचा भंडारा आणि बेलाचं पान ओंजळीत घेऊन माणूस बोलला की गाव ते मानायचं. कोर्ट अंबडला, देव दाराशी, म्हणून देव स्वस्त पडायचा.

मी तडक बौद्धवाड्यात गेलो. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली मुलांच्या वह्यांचा गठ्ठा. प्रभावतीबाई चुलीपाशी होत्या. सोनूबाईनं मला पाट दिला आणि स्वतःच बोलायला लागली.

"सर, तुम्हीच समजावा. मी म्हणून राह्यले, एक डाव उचल अन् मोकळी व्हय. तो देव न्हाई म्हणतो ना आपण? मंग न्हाई त्याला हात लावल्यानं काय बिघडतं? नोकरी जाईल त्याचं काय? मला पुन्हा लोकाच्या वावरात जायची ताकद न्हाई आता."

प्रभावतीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "मामी, तो नाही म्हणूनच त्याच्यासमोर खोटं वागायचं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते, पण प्रतिज्ञा मीही म्हटल्यात. या देवांना मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही. मी भंडारा उचलला तर ती मोडते. नाही उचलला तर मी देवाची निंदा करते हे सिद्ध होतं. त्यांनी असं दार ठेवलंय की कुठूनही गेलं तरी डोकं आपटतं."

"तुम्ही निंदा केली का?"

"मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, सर. मी हळद म्हणाले."

मी घरी येऊन जेवताना इतकी चिडचिड करत होतो की माझ्या आईनं, चांगुणाबाईनं, ताट सरकवून घेतलं. तिला सगळं सांगितलं. ती निवांत सुपारी कातरत म्हणाली, "पण आधी बाईनं कामून उचलायचा?"

"म्हणजे?"

"आरं, माझ्या सासऱ्याच्या टायमाला मी सोता बघेल हाय. आधी बोट दाखवणाऱ्यानं उचलायचा. मी म्हणतो ते खरं हाय म्हणून. त्यानं उचलला तर मंग दुसऱ्यानं. आळ घेणाराच मागं सरला तर तिथंच मिटायचं. अर्धी मंडळी तिथंच मागं सरायची."

मी आईकडे बघतच राहिलो. रीत गावानं मोडली नव्हती, नुसती सोयीची अर्धी ठेवली होती.

रविवारी देवळासमोर गाव जमलं. खंडोबाचं देऊळ लहानच, पुढे दगडी चौथरा, बाजूला कडुनिंब. चौथऱ्याच्या कोपऱ्यात कुणाकुणाची दृष्ट उतरवून टाकलेली कापलेली लिंबं पडलेली, त्यांना कुणी पाय लावत नाही. प्रभावतीबाई पायरीच्या खाली उभ्या होत्या, पांढरं पातळ, हातात काही नाही. त्यांच्या मागे कडुनिंबाखाली त्यांच्या वाड्यातली माणसं उभी होती. चौथऱ्यावर सरपंच पुंजाराम, देवळाचे म्हातारे पुजारी कारभारी गुरव, आणि कागद-पेन्सिल घेऊन अप्पाराव. बातमीला तो स्वतः हजर राहायचा, विशेषतः बातमी त्यानंच केलेली असली की.

सरपंचानं सुरुवात केली. "बाई, पुढं या अन् उचला."

मी मध्ये बोललो. "आधी आरोप करणाऱ्यानं उचलायचा. ही इथली रीत आहे. गुरवमामा, खरं की नाही?"

कारभारी गुरवांनी मान डोलावली. "हाये," ते म्हणाले. "माझा बाप तसंच करायचा. लोकं इसरले."

"मग आरोप कुणाचा आहे? पुढे या."

आता मी तो देखावा जन्मभर विसरणार नाही. आठवडाभर ज्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता ते सगळे आभाळाकडे, झाडाकडे, स्वतःच्या वहाणांकडे बघायला लागले. पाटील म्हणाले, मी तर ऐकलं. कुणाकडून ऐकलं, तर सरपंचाकडून. सरपंच म्हणाला, "म्या पेपरात वाचलं." सगळ्यांच्या नजरा अप्पारावावर आल्या.

"मी कथित लिवलंय," अप्पाराव घाईनं म्हणाला. "कथित म्हंजी लोक म्हणतात. मी म्हणत न्हाई."

"कोण लोक?"

"हेच की सारे."

लोकांनी पेपरात वाचलं होतं आणि पेपरानं लोकांकडून ऐकलं होतं. एवढ्या मोठ्या गावात तो आरोप करणारा एकही माणूस नव्हता. मला वाटलं मिटलं. पण चौथऱ्याखालून कुणीतरी म्हणालं, "छापायला जमतं, मंग उचलायला का न्हाई?" आणि हशा झाला. अप्पारावाला सगळं चालायचं, आपल्या पेपरला हसलेलं चालायचं नाही. त्याची मेहुणीही बायांमध्ये उभी होती.

"उचलतो," तो म्हणाला. "पण कथितरीत्या घडलं, असं म्हणीन."

कारभारी गुरवांनी त्याच्याकडे बघितलं. "देवाला कथित कळत न्हाई, अप्पा. खरं का खोटं तेवढं बोल."

अप्पारावानं तोंडातला तंबाखूचा बार थुंकला, तळहात धोतराला पुसले आणि ओंजळ पुढे केली. गुरवांनी ओंजळीत पळीभर तीर्थ टाकलं, त्यावर मूठभर भंडारा, वर बेलाचं पान. "मी छापलं ते खरं हाये, खंडोबाची आण," अप्पाराव म्हणाला. आवाज बऱ्यापैकी खणखणीत होता. खोटं बोलायचा सराव असला की शपथेलाही आवाज कापत नाही.

मग त्यानं ओंजळ खाली केली आणि गुरवांच्या हातातली पळी पडली.

भंडारा लाल झाला होता. बोटांच्या फटींतून लाल पाणी मनगटावर उतरत होतं.

मग एक बाई किंचाळली आणि गाव एकदम मागे सरकलं. "देवानं कौल दिला," कुणी म्हणालं. "खोटी आण घेतली." सरपंच तर अप्पारावापासून एवढा लांब गेला की चौथऱ्यावरून पडता पडता वाचला. "मी आधीपासून म्हणत व्हतो," तो सगळ्यांना सांगायला लागला. "बाई बिलकुल तशी न्हाई." पाटलांनी पायातली वहाण काढून हातात घेतली. अप्पाराव तसाच ओंजळ धरून उभा होता, तोंड पांढरं. त्याची मेहुणी रडत होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना कथित करणारा माणूस एका क्षणात सिद्ध झाला होता.

मला पहिल्या नजरेतच कळलं. जन्मभर त्या तळहातावर चुना मळलेला, धोतराला पुसून कितीसा निघणार? पण मी गप्प बसलो आणि मनातल्या मनात इतका खूष झालो की सांगता येत नाही. ज्या मूर्खपणानं बाईला फासात घातलं होतं, त्याच मूर्खपणानं तिला सोडवलं होतं. मी प्रभावतीबाईंकडे बघून मान हलवली. जा घरी, असं. त्यांनीही ओळखलेलं होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. घरी जायचं, उद्या वर्ग भरलेला, नोकरी शाबूत, सोनूबाई ओसरीवर. गप्प राहण्यापलीकडे काही करायचं नव्हतं.

पाटलांनी वहाण उगारली. आणि प्रभावतीबाई पायऱ्या चढून वर आल्या.

त्या चौथऱ्यावर त्यांच्या वाड्यातलं कुणी कधी चढलं नव्हतं. त्या कोपऱ्यात गेल्या, खाली वाकल्या आणि उतरवून टाकलेल्या लिंबांतलं एक अर्धं उचललं. बाया पुन्हा किंचाळल्या.

"थांबा," त्या पाटलांना म्हणाल्या. मग अप्पारावासमोर उभ्या राहिल्या. वर्गात मुलाला सांगतात तशा आवाजात म्हणाल्या, "हात तसेच धरा. घाबरू नका. तुमच्या हाताला तंबाखूचा चुना आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, एवढंच झालंय. यात देव नाही. बघा."

त्यांनी लिंबू पिळलं. अप्पारावाच्या ओंजळीतलं लाल हळूहळू फिकं झालं, मग केशरी, मग पिवळं. चौथीतली पोरं आयांच्या पदराआडून पुढे आली होती. त्यातलं एक ओरडलं, "आमच्या वर्गात पण असंच झाल्तं!" आणि त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"अप्पारावांना सोडा," प्रभावतीबाई म्हणाल्या. "या रंगावरून त्यांना दोष देऊ नका."

मी चौथऱ्याच्या कडेला उभा होतो आणि मला माझी मोडक्या पाठीची डिक्शनरी आठवली. आळ आलेल्या माणसाला मोकळं करणं, सगळ्यांसमोर उभं राहून, पुरावा पुढे ठेवून, स्वतःच्या नावानं बोलणं. शेकडो वर्षांपूर्वी त्या शब्दाचा जो अर्थ होता तो आमच्या गावात त्या दिवशी एका बाईनं करून दाखवला, तोही अशा माणसासाठी ज्याला तो शब्द फक्त चावायला कळला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं, हे मी स्पष्ट सांगतो.

कारण गावाचा चेहरा बदलला होता. खंडोबानं त्यांच्यासमोर कौल दिला होता, पिढ्यान् पिढ्या सांगता आलं असतं असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि या बाईनं दृष्टीचं लिंबू पिळून ते पुसून टाकलं होतं. खोटा आरोप त्यांनी माफ केला असता. हे नाही.

"देवाच्या दारात म्हणली, देव न्हाई," पाटील म्हणाले आणि वहाण पायात घातली. "म्या माझ्या कानानं ऐकलं."

"म्या बी," सरपंच म्हणाला. तो एवढ्यात परत आपल्या जागेवर येऊन उभा राहिला होता.

आठवडाभर मी जिथं तिथं भांडलो. हेडमास्तरांशी, सरपंचाशी, स्वतःच्या चुलत्यांशी. त्या 'यात देव नाही' म्हणाल्या, यात म्हणजे या रंगात, हे मी इतक्या वेळा सांगितलं की आईनं मला झोपेत बडबडताना ऐकलं. कुणाला ऐकायचंच नव्हतं. वर अर्ज गेला, त्यावर गावानं आनंदानं अंगठे उठवले. लवकरच प्रभावतीबाईंची बदली झाली, पार तिकडे डोंगराकडच्या एका वस्तीवर, जिथं जायला एसटी नाही. सोनूबाई सोबत गेली नाही. ती पाटलांच्या वावरात पुन्हा निंदायला लागली. निघताना प्रभावतीबाई शाळेत आल्या, भिंग आणि लोहचुंबक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चौथीला प्रकाश राहिलाय, सर. तेवढं घ्या."

त्या गेल्यावरच्या शुक्रवारी मी पेपर हातात घेतला आणि तसाच एसटीत बसून जालन्याला गेलो. अप्पाराव मशीनपाशी बसून तंबाखू मळत होता. मी पेपरातली बदलीची बातमी त्याच्या तोंडासमोर धरली. 'शिक्षिकेने देवाच्या दारात देवनिंदा केली. देव नाही असे जाहीरपणे सांगितले.' खाली दुसऱ्या बातमीत त्याच्या मेहुणीची आमच्या शाळेवर नेमणूक झाल्याचं होतं, अभिनंदनासह.

"तुला लाज वाटत नाही?" मी म्हणालो. "तिनं तुला वाचवलं. लोकांच्या वहाणांतून वाचवलं तुला तिनं."

अप्पारावानं वर पाहिलं. तो चिडला नाही. उलट मी काहीतरी विसरलोय आणि तो मला आठवण करून देतोय, अशा समजूतदारपणे त्यानं ओळीवर बोट ठेवलं. त्या बोटाला चुना होता.

"बघा ना, सर, यात कथित घातलाच न्हाई मी. साऱ्या गावासमोर बोलली ती. तुम्हीच सांगेल व्हतं, सिद्ध झालं की तो शब्द काढून टाकायचा."